पायथॉन: ०.१ दहा वेळा मिळवूनही बेरीज १ का होत नाही?

प्रश्न

नमस्कार. मी दीड महिन्यापासून पायथॉन शिकत आहे. त्याआधी कोणत्याही प्रोग्रामिंग भाषेशी माझा संबंध आलेला नव्हता, त्यामुळे प्रश्न फार प्राथमिक वाटला तरी कृपया सविस्तर उत्तर द्यावे. आज्ञांची आणि फंक्शनांची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. प्रोग्राममध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आहेत.

सरावासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक मीटर लांबीच्या पट्टीवर दर ०.१ मीटरवर खूण करायची असेल, तर त्या खुणांची अंतरे छापायची, एवढेच त्याचे काम होते. एका व्हेरिएबलमध्ये मी सुरुवातीला ० ठेवले आणि त्याची किंमत १.० इतकी होत नाही तोपर्यंत तिच्यात ०.१ मिळवून ती छापत राहावी, असे व्हाइल लूपमध्ये लिहिले. प्रोग्राम थांबलाच नाही. तो मला बंद करावा लागला. नंतर पडद्यावर वरच्या बाजूला जाऊन पाहिले, तेव्हा ०.१ आणि ०.२ यांच्यानंतर ०.३०००००००००००००००४ छापलेले होते, आणि जेथे १.० यायला हवे होते तेथे ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते. त्याच्या पुढची ओळ १.०९९९९९९९९९९९९९९९ अशी होती.

दुसरी अडचण सरासरीची आहे. काही पूर्णांकांची सरासरी काढून ती राउंड या फंक्शनने जवळच्या पूर्णांकात आणली, तर ३.५ चे ४ होतात, पण २.५ चे मात्र २ होतात. निम्मा किंवा त्याहून मोठा भाग असेल तर वरचा पूर्णांक घ्यायचा, असेच आपण शाळेत शिकलो आहोत.

तिसरी अडचण इनपुटची आहे. वापरणाऱ्याने ७ दिले आणि मी त्याला ३ ने गुणले, तर उत्तर २१ न येता ७७७ आले. त्यावर उपाय म्हणून मी इंट हे फंक्शन लावले, तेव्हा ७ चालले, परंतु १२.५ दिल्यावर व्हॅल्यू-एरर येऊन प्रोग्राम बंद पडला.

इंट म्हणजे पूर्णांक आणि फ्लोट म्हणजे दशांश अपूर्णांक, एवढी व्याख्या मला पाठ आहे. पण या व्याख्येवरून वरीलपैकी एकाही गोष्टीचा उलगडा होत नाही. नेमके काय समजून घ्यायचे राहिले आहे?

उत्तर १

तुमच्या तीन अडचणींची कारणे तीन वेगळी आहेत. मी येथे पहिलीविषयीच लिहितो, कारण तीच सर्वांत खोल आहे आणि ती समजली की दुसरीचा अर्धा भाग आपोआप समजतो.

फ्लोट म्हणजे दशांश अपूर्णांक, ही व्याख्याच तुम्हाला अडवत आहे. आपण लिहितो ती संख्या दशांश असते. संगणक साठवतो ती द्विमान, म्हणजे केवळ ० आणि १ या अंकांनी लिहिलेली असते. शाळेच्या गणितातील एक नियम येथे आठवावा: अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात असताना त्याच्या छेदाचे मूळ अवयव केवळ २ आणि ५ असतील, तरच त्याचे दशांशरूप खंडित असते, अन्यथा ते अखंड आवर्ती असते. म्हणूनच १/८ चे ०.१२५ होते, पण १/३ चे ०.३३३… असे कधीही न संपणारे रूप मिळते. २ आणि ५ यांनाच हा मान मिळतो, कारण ते १० चे अवयव आहेत. द्विमान पद्धतीचा पाया २ असल्यामुळे तेथे छेदात फक्त २ हाच अवयव चालतो. ०.१ म्हणजे १/१०, आणि त्याच्या छेदात ५ आहे. तेव्हा आपल्या नजरेला अगदी साधी दिसणारी ही संख्या द्विमान पद्धतीत अखंड आवर्ती आहे. तिच्यात ००११ हा अंकगट अनंत काळ येत राहतो.

फ्लोटला मात्र अनंत जागा नसते. आज जवळजवळ सर्वच संगणकांवर पायथॉनचा फ्लोट आयईईई ७५४ या मानकातील ६४ बिटांचा, म्हणजे ६४ द्विमान अंकांचा असतो, आणि हे मानक प्रथम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या ६४ बिटांपैकी १ बिट चिन्हासाठी, ११ घातांकासाठी आणि ५२ अपूर्णांकाच्या भागासाठी असतात. आवर्ती मांडणी त्या जागेत मावेल तेथे थांबवून सर्वांत जवळची किंमत घेतली जाते. तुम्ही ०.१ लिहिता तेव्हा प्रत्यक्षात साठवली जाणारी संख्या ३६०२८७९७०१८९६३९७ भागिले ३६०२८७९७०१८९६३९६८ इतकी असते, आणि हा छेद म्हणजे २ चा ५५ वा घात आहे. तिचे वीस दशांश स्थळांपर्यंतचे रूप मागितले, तर ०.१००००००००००००००००५५५ असे दिसते. नुसती छापली तर ती ०.१ दिसते, याचे कारण पायथॉन ३.१ पासून छपाईचा नियम असा आहे की, जी वाचल्यावर पुन्हा तीच साठवलेली किंमत मिळेल अशी सर्वांत छोटी दशांश मांडणी दाखवायची. या सोयीमुळे पडदा स्वच्छ दिसतो, पण खरी किंमत त्यामागे झाकली जाते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. साठवलेली संख्या ०.१ पेक्षा किंचित मोठी आहे. मग ती दहा वेळा मिळवून बेरीज १ पेक्षा लहान कशी आली? कारण केवळ सुरुवातीचीच नव्हे, तर प्रत्येक बेरीजही ६४ बिटांत बसवताना जवळच्या किमतीला आणावी लागते. तुमच्या लूपमध्ये सुरुवातीला चूक वरच्या बाजूला गेली, म्हणून ०.३ च्या शेवटी ४ आला. आठव्या बेरजेपासून ती खालच्या बाजूला गेली. म्हणजे चुकीचे उगम दोन आहेत, संख्या साठवणे आणि क्रिया करणे, आणि लूपमध्ये दुसरा उगम प्रत्येक फेरीला नव्याने काम करतो.

हाच प्रोग्राम तुम्ही ०.१ ऐवजी ०.१२५ च्या टप्प्याने लिहिला असता, तर तो आठव्या फेरीत व्यवस्थित थांबला असता, कारण १/८ फ्लोटमध्ये अचूक बसते. अशा प्रोग्रामची मला अधिक काळजी वाटते, कारण त्यातली चूक तिथेच असते, केवळ निवडलेल्या संख्येमुळे ती दिसत नाही.

उपाय असा की, खुणा मोजायच्या असतील तर त्या मोजाव्यात. पहिली खूण, दुसरी खूण, तिसरी खूण ही मोजणी आहे, आणि मोजणीसाठी इंट हा प्रकार आहे. फॉर लूप आणि रेंज वापरून ० ते १० हे पूर्णांक घ्यावेत आणि छापण्याच्या वेळीच त्यांचे मीटरमध्ये रूपांतर करावे. इंटची बेरीज पायथॉनमध्ये नेहमी अचूकच असते, त्यामुळे लूप कधी थांबायचा याविषयी शंका उरत नाही.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझ्या परीने एक छोटी भर घालतो: दोन फ्लोट समान आहेत का, हे दोन बरोबरीच्या चिन्हांनी तपासूच नये. मॅथ मॉड्यूलमध्ये, म्हणजे पायथॉनसोबत मिळणाऱ्या गणिती फंक्शनांच्या संचात, इज-क्लोज नावाचे फंक्शन पायथॉन ३.५ पासून उपलब्ध आहे. दोन संख्यांमधील फरक त्यांच्यापैकी मोठ्या संख्येच्या एक अब्जांश भागापेक्षा जास्त नसेल, तर ते त्यांना समान मानते. तुमच्या लूपच्या अटीत हे फंक्शन वापरले असते, तरी प्रोग्राम थांबला असता.

उत्तर ३

इज-क्लोजचा सल्ला योग्य आहे, परंतु त्यात एक खाच आहे आणि नवीन शिकणाऱ्याने ती सुरुवातीलाच जाणून घेतलेली बरी. एक अब्जांश ही सूट सापेक्ष आहे, म्हणजे संख्येच्या आकारानुसार बदलणारी आहे. तुलना शून्याशी करायची असेल, तर शून्याशिवाय दुसरी कोणतीही संख्या, मग ती कितीही सूक्ष्म असो, या कसोटीला उतरत नाही. फ्लोटमध्ये ०.१ + ०.२ − ०.३ ही क्रिया केल्यावर जो अतिशय लहान अवशेष उरतो, त्याची शून्याशी तुलना केली तर इज-क्लोज असत्य असेच उत्तर देते. अशा वेळी निरपेक्ष सूट वेगळी द्यावी लागते. त्या फंक्शनात तिची सोय आहे, पण तिची ठरलेली किंमत शून्य आहे. ही सूट किती असावी, हे पायथॉन सांगू शकत नाही. तुमचे मोजमाप मिलिमीटरपर्यंत विश्वासार्ह आहे की त्याहून सूक्ष्म, यावर ते अवलंबून असते, आणि हा निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच घ्यायचा असतो.

आता तुमच्या दुसऱ्या अडचणीकडे वळतो. २.५ आणि ३.५ या दोन्ही संख्या फ्लोटमध्ये अचूक बसतात, त्यामुळे तेथे साठवणुकीची चूक नाही. पायथॉन ३ मधील राउंड हे फंक्शन बरोबर मध्यावर असलेली संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे नेते. ०.५ चे ०, १.५ चे २, २.५ चे २ आणि ३.५ चे ४ होतात. या चार संख्यांची मूळ बेरीज ८ आहे. शाळेतील नियमाने त्यांचे १, २, ३, ४ झाले असते आणि बेरीज १० भरली असती. सम पूर्णांकाच्या नियमाने ०, २, २, ४ होतात आणि बेरीज ८ च राहते. प्रत्येक वेळी वरच ढकलले की मोठ्या बेरजा एका बाजूला झुकतात, आणि तो झुकाव टाळण्यासाठी हा नियम स्वीकारलेला आहे. पायथॉन २ मध्ये २.५ चे ३ च होत असत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तुम्हाला वेगळे उत्तर छापलेले आढळेल.

एकाच दिशेने ढकलण्याचे परिणाम किती मोठे होऊ शकतात, याचे एक नोंदलेले उदाहरण कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराचे आहे. तेथील निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला होता. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जाई, आणि दरवेळी तिसऱ्या दशांश स्थळापुढचा भाग जवळच्या किमतीला न आणता सरळ तोडून टाकला जाई. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ वर आलेला होता. चूक सुधारून पुन्हा गणित केले, तेव्हा खरा आकडा १०९८.८९२ निघाला. प्रत्येक वेळी तोडलेला भाग एक सहस्रांशाहूनही लहान होता.

तुम्हाला शाळेतलाच नियम हवा असेल आणि संख्या धन असतील, तर फ्लोटकडे न जाताही तो पाळता येतो. बेरजेची दुप्पट करून तिच्यात संख्यांची मोजदाद मिळवावी, आणि त्याला मोजदादीच्या दुपटीने दोन तिरप्या रेघांच्या चिन्हाने भागावे, म्हणजे भागाकाराचा फक्त पूर्णांक भाग मिळेल. उदाहरणार्थ, दोन संख्यांची बेरीज ५ असेल तर १० अधिक २ म्हणजे १२, त्याला ४ ने भागले की ३. येथे सर्व गणित इंटमध्येच होते, त्यामुळे मध्यावरची संख्या खरोखर मध्यावर आहे की नाही, अशी शंका घ्यावी लागत नाही. ही शंका फ्लोटमध्ये खरी ठरते: २.६७५ ला दोन दशांश स्थळांपर्यंत आणले तर २.६७ मिळते, आणि याला सम पूर्णांकाचा नियम जबाबदार नाही. साठवलेली संख्या मुळातच २.६७५ पेक्षा किंचित लहान असते, म्हणून ती मध्यावर नसतेच.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. खंडित आणि अखंड आवर्ती हे शब्द वाचल्यावर पहिली गोष्ट एकदम स्पष्ट झाली. मी लगेच रेंज वापरून प्रोग्राम बदलला आणि प्रत्येक पूर्णांकाला ०.१ ने गुणून छापले. लूप आता योग्य ठिकाणी थांबतो. परंतु ३ च्या खुणेला अजूनही ०.३०००००००००००००००४ येते, तसेच ६ च्या खुणेला ०.६००००००००००००००१ आणि ७ च्या खुणेला ०.७००००००००००००००१ येते. मोजणी पूर्णांकात असूनही असे का व्हावे? आणि एक प्रामाणिक शंका: सोळाव्या किंवा सतराव्या दशांश स्थळावरील फरकाची खरोखर एवढी काळजी करावी का?

उत्तर ४

०.१ ने गुणू नका, १० ने भागा. कागदावर या दोन्ही क्रिया एकच आहेत, पण फ्लोटमध्ये त्या एक नाहीत. गुणताना तुम्ही आधीच किंचित चुकलेली संख्या घेता, ती तिप्पट करता आणि आलेले उत्तर पुन्हा ६४ बिटांत बसवता. भागताना ३ आणि १० या दोन्ही संख्या अचूक असतात आणि जवळच्या किमतीला आणण्याची क्रिया फक्त एकदा, शेवटी होते. त्यामुळे ३ भागिले १० चे उत्तर आणि थेट लिहिलेले ०.३ तंतोतंत एकच असतात.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर याच भेदात आहे, आणि ते मी गांभीर्याने देऊ इच्छितो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धाच्या काळात, सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणाऱ्या क्षेपणास्त्राला अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. त्या यंत्रणेचे घड्याळ वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात, पूर्णांकातच मोजत असे, म्हणजे तुमच्या नव्या लूपसारखेच. सेकंद मिळवण्यासाठी त्या पूर्णांकाला १/१० ने गुणले जाई, आणि हा १/१० तेथे फ्लोट म्हणून नव्हे, तर २४ बिटांच्या ठरावीक जागेत तोडून साठवलेला होता. त्यातील चूक सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतकी होती. परंतु यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती, म्हणजे घड्याळाचे ३६ लाख ठोके झालेले होते. गुणाकार होऊन वेळेतील चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली, आणि तेवढ्या अवधीत ते क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापत होते.

पायथॉनच्या फ्लोटमध्ये २४ बिटांच्या त्या साठवणुकीपेक्षा कितीतरी अधिक अचूकता आहे, आणि एक मीटरच्या पट्टीसाठी सतराव्या स्थळावरील अंकाला काहीही अर्थ नाही. लांबी, तापमान, वेग अशा मोजलेल्या राशींसाठी फ्लोट हाच योग्य प्रकार आहे, कारण मोजण्याचे साधन स्वतःच तितके अचूक नसते. तेव्हा फरक किती लहान आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो पुढे कशाने गुणला जाणार आहे, किती वेळा साचणार आहे आणि त्यावर बरोबरीची तपासणी अवलंबून आहे का, हे पाहावे लागते. तुमच्या पहिल्या प्रोग्राममध्ये तेवढ्याशा फरकाने लूप अनंत काळ चालला.

जाता जाता एक नोंद. यादीतील संख्यांची बेरीज करणारे सम हे तयार फंक्शन पायथॉन ३.१२ पासून फ्लोटसाठी अधिक अचूक रीतीने काम करते. दहा वेळा ०.१ असलेली यादी त्याला दिली तर आता १.० मिळते. त्यावरून मूळ अडचण मिटली, असा समज करून घेऊ नये. लूपमध्ये एकेक बेरीज केली तर आजही ०.९९९९९९९९९९९९९९९९ च येते. जुन्या आवृत्तीत हीच अचूकता हवी असेल, तर मॅथ मॉड्यूलमधील एफ-सम वापरावे.

उत्तर ५

कोणीतरी डेसिमल मॉड्यूलचा उल्लेख करील, अशी मी वाट पाहत होते. ज्या संख्या मोजून मिळत नाहीत, तर माणसांनी दशांश पद्धतीतच ठरवलेल्या असतात, उदाहरणार्थ हिशेबातील रकमा किंवा नियमाने दोन दशांश स्थळांपर्यंतच मांडायची टक्केवारी, त्यांच्यासाठी हा प्रकार आहे. तो पायथॉनमध्ये २.४ या आवृत्तीपासून आहे. त्यात ०.१ दहा वेळा मिळवले की बेरीज बरोबर १.० होते, आणि शाळेतील नियमाने पूर्णांकात आणण्याची पद्धतही त्यात नाव देऊन निवडता येते.

मात्र ही संख्या तयार करताना ती अवतरण चिन्हांत, स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून द्यावी. अवतरण चिन्हांशिवाय ०.१ लिहिले, तर ते आधी फ्लोट होते आणि मगच डेसिमलकडे पोहोचते. त्यामुळे आत शिरलेली चूक डेसिमल इमानाने तिच्या पूर्ण लांबीसह जपून ठेवते. शिकवताना मी पाहिले आहे की, डेसिमल वापरूनही तेच होते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडून हीच अवतरण चिन्हे राहून गेलेली असतात. डेसिमल आणि फ्लोट यांची थेट बेरीज करू पाहिली, तर पायथॉन टाइप-एरर देतो. ही अडवणूक त्रासदायक वाटली तरी ती हिताची आहे, कारण दोन प्रकारच्या अचूकतांची नकळत सरमिसळ त्यामुळे होत नाही.

म्हणून सगळीकडे डेसिमलच वापरावे का? नाही. डेसिमल दशांश पद्धतीत अचूक आहे, सर्व अपूर्णांकांसाठी नाही. ठरलेल्या मांडणीत ते २८ सार्थ अंक ठेवते, त्यामुळे १ ला ३ ने भागून पुन्हा ३ ने गुणले तर १ मिळत नाही, अठ्ठावीस नऊ मिळतात. तेथे फ्रॅक्शन हा प्रकार कामाला येतो. तो अंश आणि छेद हे दोन्ही पूर्णांक म्हणूनच ठेवतो, आणि १/३ ची तिप्पट खरोखर १ होते. त्याची किंमत अशी की, लांब गणितात छेद फुगत जातात आणि काम मंदावते. वर्गमूळ किंवा कोनांची गुणोत्तरे यांसारख्या अपरिमेय किमती तर यांपैकी कोणत्याच प्रकारात पूर्ण मावत नाहीत.

उत्तर ६

तिसरी अडचण अनुत्तरित राहिली आहे, म्हणून ती मी घेतो. इनपुट हे फंक्शन नेहमी स्ट्रिंगच परत देते, वापरणाऱ्याने अंक दाबले असले तरीही. स्ट्रिंगला ३ ने गुणणे म्हणजे ती तीन वेळा पुढे पुढे लिहिणे, म्हणून ७७७. पायथॉनने येथे तुम्हाला अडवले नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती वैध क्रिया आहे. गुणाकाराऐवजी तुम्ही बेरीज केली असती, तर लगेच टाइप-एरर आली असती. अडवणाऱ्या चुकीपेक्षा न अडवणारी चूक शोधायला फार वेळ लागतो, म्हणून बाहेरून आलेली किंमत आत येताच तिचे योग्य प्रकारात रूपांतर करण्याची सवय लावून घ्यावी.

इंट हे फंक्शन स्ट्रिंगमध्ये फक्त पूर्णांकाची मांडणी स्वीकारते. १२.५ आले तर त्यातील .५ टाकून द्यायचे की नाही, हे ते स्वतः ठरवत नाही, आणि ते योग्यच आहे. अपूर्णांक अपेक्षित असेल, तर फ्लोट किंवा डेसिमल वापरावे. फ्लोटला इंट लावले, तर मात्र दशांश भाग शून्याच्या दिशेने तोडला जातो: ३.५ चे ३ आणि −३.५ चे −३ होतात. दोन तिरप्या रेघांचा भागाकार याहून वेगळा असून तो नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो. −७ ला २ ने असे भागले तर −३ नव्हे, −४ येतात, आणि बाकी १ राहते. हे विचित्र वाटेल, पण भाजक धन असताना बाकी कधीही ऋण येत नाही, ही त्यामुळे मिळणारी सोय आहे, आणि घड्याळाची किंवा वारांची चक्रे मोजताना तिचे मोल कळते.

मराठीतून प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी एक आनंदाची गोष्ट सांगतो. इंट आणि फ्लोट ही दोन्ही फंक्शने देवनागरी अंकांतील स्ट्रिंगही समजून घेतात. वापरणाऱ्याने देवनागरीत १२३ असे लिहिले, तरी इंट त्याची बरोबर तीच संख्या करते. प्रोग्रामच्या मजकुरात थेट देवनागरी अंक लिहिलेले मात्र चालत नाहीत, तेथे सिंटॅक्स-एरर येते. काही जण रूपांतराआधी इझ-डिजिट या फंक्शनने तपासणी करतात. त्यावर विसंबू नये. घातांकासाठी वर लिहिला जाणारा छोटा २ हे चिन्ह त्या तपासणीत अंक ठरते, पण इंट ते स्वीकारत नाही. उलट, ऋण चिन्ह असलेली वैध संख्या त्या तपासणीत नापास होते. सरळ रूपांतर करून पाहावे आणि व्हॅल्यू-एरर आली तर ट्राय-एक्सेप्टने ती हाताळून पुन्हा विचारावे, हीच खात्रीची रीत आहे.

इंटच्या आकाराविषयीही दोन शब्द. अनेक भाषांमध्ये पूर्णांकाला ३२ किंवा ६४ बिटांची मर्यादा असते. पायथॉन ३ च्या इंटला स्मृतीत मावेल तेवढे वाढता येते, आणि २ चा १०० वा घातही शेवटच्या अंकापर्यंत अचूक मिळतो. फ्लोटमध्ये मात्र ९००७१९९२५४७४०९९२ या संख्येच्या, म्हणजे २ च्या ५३ व्या घाताच्या, पुढे सगळे पूर्णांकसुद्धा मावत नाहीत, तिच्यात १.० मिळवले तरी ती तेवढीच राहते. पुढे तुम्ही नमपाय, म्हणजे संख्यांच्या मोठ्या याद्यांवर गणित करण्याची पायथॉनची लायब्ररी, शिकाल तेव्हा ठरावीक आकाराचे पूर्णांक पुन्हा भेटतील. तेथे ८ बिटांच्या ॲरेमधील १२७ मध्ये १ मिळवला, तर कोणतीही सूचना न देता −१२८ होतात. पायथॉनच्या इंटची सवय झालेल्यांना हा धक्का हमखास बसतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

१० ने भागल्यावर सर्व अकरा खुणा स्वच्छ छापल्या गेल्या. सरासरीसाठी मी दुप्पट करण्याची रीत वापरली आणि इनपुटसाठी ट्राय-एक्सेप्ट. आता एकच लहानशी गोष्ट उरली आहे: पहिली खूण ०.० आणि शेवटची १.० अशी का येते? ० आणि १० या दोन्ही संख्या इंट आहेत आणि भाग पूर्ण जातो, तरी उत्तर इंट का नाही?

उत्तर ४ देणाऱ्याचा प्रतिसाद

पायथॉन ३ मध्ये एका तिरप्या रेघेचा भागाकार दोन पूर्णांकांसाठी नेहमी फ्लोटच देतो, भाग पूर्ण जावो किंवा न जावो. उत्तराचा प्रकार किमतींवर अवलंबून राहू नये, असा त्यामागील विचार आहे. पायथॉन २ मध्ये दोन इंटचा भागाकार इंटच येत असे. तुमचा हाच प्रोग्राम तेथे चालवला असता, तर पहिल्या दहा खुणा ० आणि शेवटची १ अशी छापली गेली असती. ही वागणूक बदलण्याचा प्रस्ताव २००१ मध्ये मांडला गेला आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीपासून ती कायमची बदलली.